सायप्रसचा राजा पहिला पीटर (१३५८–१३६९) : धर्मयुद्ध, व्यापार आणि सरंजामी कायदा

प्रस्तावना :

मध्ययुगीन युरोपच्या इतिहासात धर्मयुद्धांचा विषय निघाला की चर्चा बहुधा जेरुसलेम, सलादीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांच्यापाशी येऊन थांबते. इ. स. १२९१ मध्ये आक्रा हे बंदर इजिप्तच्या मामलुक सुलतानाने जिंकले आणि धर्मयुद्धांचे पर्व संपले, अशीच मांडणी अनेक क्रमिक पुस्तकांतून आढळते. प्रत्यक्षात धर्मयुद्धांतून जन्मास आलेले एक राज्य यानंतरही जवळजवळ दोनशे वर्षे टिकून होते. ते म्हणजे पूर्व भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावरील लुसिन्यान घराण्याचे राज्य होय. या घराण्यातील पहिला पीटर हा राजा सर्वाधिक गाजला. ऑक्टोबर १३६५ मध्ये त्याने इजिप्तचे अलेक्झांड्रिया हे संपन्न बंदर जिंकले व लुटले. आणि त्यानंतर सव्वातीन वर्षांतच त्याच्याच सरदारांनी त्याला राजवाड्यातील शयनगृहात ठार केले.

पीटरविषयी दोन टोकाची मते रूढ आहेत. एका मतानुसार तो ख्रिस्ती शौर्याचा अखेरचा प्रतिनिधी व हुतात्मा होता. दुसऱ्या मतानुसार तो साहसाच्या हव्यासाने राज्य धुळीस मिळवणारा आणि अखेरीस मनाचा तोल गेलेला राजा होता. ही दोन्ही मते व्यक्तीच्या स्वभावावर भर देतात. ज्या बेटावर तो राज्य करीत होता त्या बेटाच्या आर्थिक व कायदेशीर घडणीकडे दोन्हींचे पुरेसे लक्ष जात नाही. सायप्रसचे राज्य दोन आधारांवर उभे होते : इटालियन व्यापाऱ्यांशी असलेला व्यवहार आणि सरदारांशी असलेला कायद्याचा करार. पीटरची कारकीर्द ही यांपैकी पहिला आधार वाचवण्याच्या प्रयत्नात दोन्ही आधार गमावण्याची कहाणी आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लुसिन्यान घराणे आणि बेटाची घडण :

लुसिन्यान घराणे मूळचे फ्रान्समधील प्वातू प्रांताचे. या घराण्यातील गी हा विवाहसंबंधामुळे जेरुसलेमचा राजा झाला. परंतु ४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या लढाईत सलादीनने त्याचा दारुण पराभव केला. पुढे मे ११९१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्डने पूर्वेकडे जाताना सायप्रस बेट इसाक कोम्नेनोस या बायझंटाईन सत्ताधीशाकडून हिसकावून घेतले आणि ते टेम्पलर या लढाऊ धर्मसंघास विकले. निकोसियातील ग्रीक रहिवाशांच्या उठावामुळे टेम्पलरांना बेट सांभाळणे जड गेले व ११९२ मध्ये ते राज्य गमावलेल्या गीच्या हाती आले. गीचा भाऊ एमेरी याने ११९७ मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या मान्यतेने राजमुकुट धारण केला. तेव्हापासून सायप्रस हे राज्य झाले. १२६७ नंतर गादीवर आलेले राजे हे मातृपक्षाकडून लुसिन्यान होते. तथापि घराण्याचे नाव त्यांनी तेच चालू ठेवले.

या राज्यात फ्रेंच भाषा बोलणारा, रोमन चर्चला मानणारा एक अल्पसंख्य सरदारवर्ग बहुसंख्य ग्रीक ऑर्थोडॉक्स प्रजेवर राज्य करीत होता. ग्रीक शेतकऱ्यांपैकी मोठा भाग 'पारोइकोइ' म्हणजे जमिनीशी बांधलेल्या कुळांचा होता. सरदारवर्ग मात्र आपल्या हक्कांविषयी कमालीचा दक्ष होता. जेरुसलेमच्या राज्यातून आलेली 'असिझ' नावाची कायदेपरंपरा येथे लागू होती. राजा हा सरदारांच्या उच्च दरबाराचा प्रमुख होता, पण त्या दरबाराच्या निर्णयाशिवाय कोणत्याही सरदारास अटक करण्याचा किंवा त्याची जहागीर काढून घेण्याचा अधिकार त्याला नव्हता. बेटाबाहेर जाऊन राजासाठी लढण्याचे बंधन सरदारांवर आहे काय, हा वादही जुनाच होता. तिसऱ्या ह्यूच्या काळात, १२७३ मध्ये, वर्षातून चार महिने बाहेर सेवा करण्यावर तडजोड झाली होती. पीटरच्या कारकीर्दीचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

राज्यारोहण :

पीटरचा जन्म ९ ऑक्टोबर १३२८ रोजी झाला. त्याचा पिता चौथा ह्यू (१३२४–१३५८) हा सावध वृत्तीचा राजा होता. १३४४ मध्ये स्मिर्ना जिंकणाऱ्या ख्रिस्ती आरमारी संघात त्याने भाग घेतला. परंतु मामलुक सुलतानाशी उघड वैर त्याने टाळले. पुत्राचा स्वभाव याच्या उलट होता. १३४९ मध्ये पीटर व त्याचा भाऊ जॉन हे पित्याच्या परवानगीविना गुप्तपणे पश्चिम युरोपकडे निघून गेले. संतप्त ह्यूने त्यांना परत आणवून बंदीत ठेवले.

पीटर हा ज्येष्ठ पुत्र नव्हता. थोरला भाऊ गी हा १३४३ मध्ये मरण पावला होता व त्याला ह्यू नावाचा मुलगा होता. या पुतण्याचा दावा निष्प्रभ व्हावा म्हणून वृद्ध राजाने नोव्हेंबर १३५८ मध्ये हयातीतच पीटरचा राज्याभिषेक करविला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चौथा ह्यू निधन पावला. ५ एप्रिल १३६० रोजी, ईस्टरच्या दिवशी, फामागुस्ताच्या संत निकोलस कॅथेड्रलमध्ये पीटरने जेरुसलेमचाही मुकुट धारण केला. जेरुसलेम शहर तेव्हा मामलुकांकडे होते. त्यामुळे हा मुकुट नाममात्र होता. तरीही हरवलेल्या राज्याचा वारसा आपण सोडलेला नाही, असे त्यातून जाहीर होत होते.

फामागुस्ताचा प्रश्न :

राज्याभिषेक फामागुस्तात व्हावा, याला प्रतीकापलीकडेही अर्थ होता. आक्राच्या पाडावानंतर पोपने मुस्लिम प्रदेशांशी थेट व्यापार करण्यास बंदी घातली. या बंदीचा सर्वात मोठा लाभ फामागुस्ताला झाला. सीरियाच्या किनाऱ्यापासून जवळ असलेल्या या बंदरात सीरियन ख्रिस्ती व्यापारी पूर्वेकडील माल आणीत आणि व्हेनिस, जेनोआ, बार्सिलोना येथील व्यापारी तो येथूनच उचलीत. मिरी, आले, रेशीम व सुती कापड यांच्या या उलाढालीवर मिळणारी जकात हा राजाच्या तिजोरीचा एक मुख्य स्रोत होता. शहरातील भव्य गॉथिक चर्चच्या इमारती या संपन्नतेची साक्ष आजही देतात.

चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चित्र पालटू लागले. १३४४ नंतर पोपकडून परवाने मिळवून व्हेनिसची जहाजे पुन्हा थेट अलेक्झांड्रियाला जाऊ लागली. मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेली मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तमध्ये येई आणि नाईल नदीच्या मार्गाने अलेक्झांड्रियाच्या वखारींत पोचे. ती तेथेच विकत घेता येत असेल, तर युरोपच्या व्यापाऱ्याला सायप्रसच्या मध्यस्थाची गरज उरत नव्हती. त्यातच १३४७–४८ च्या प्लेगच्या साथीने बेटाची लोकसंख्या घटली. म्हणजे पीटरला गादी मिळाली तेव्हा फामागुस्ताचा सुवर्णकाळ ओसरू लागला होता.

सायप्रसच्या मध्ययुगीन इतिहासाचे अभ्यासक पीटर एडबरी यांनी पीटरच्या मोहिमांकडे या दृष्टीने पाहावे असे सुचविले आहे. मोहिमांचा क्रमही या मताला पुष्टी देतो. १३६० मध्ये पीटरने अनातोलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोरिकोस हे ठाणे तेथील रहिवाशांच्या विनंतीवरून ताब्यात घेतले. २४ ऑगस्ट १३६१ रोजी त्याने तुर्कांकडून अदालिया, म्हणजे आजचे अंताल्या, जिंकून घेतले. ही दोन्ही ठिकाणे सायप्रसच्या समोरच्या किनाऱ्यावरील बंदरे होत. जेरुसलेमच्या मुक्तीशी त्यांचा थेट संबंध नव्हता. समुद्रमार्गाच्या सुरक्षिततेशी व व्यापारी स्पर्धेशी मात्र होता. धर्मनिष्ठा खोटी होती असे यावरून म्हणता येणार नाही. मध्ययुगीन राजाच्या मनात पुण्यसंचय आणि जकात यांच्यामध्ये आजच्यासारखी भिंत नव्हती, एवढाच याचा अर्थ.

युरोपचा दौरा :

ऑक्टोबर १३६२ मध्ये पीटर युरोपकडे निघाला. व्हेनिस व जेनोआमार्गे तो पोपचे वास्तव्य असलेल्या आव्हिन्यों येथे १३६३ च्या वसंतात पोचला. तेथे पोप पाचवा अर्बन याने नव्या धर्मयुद्धाची घोषणा केली आणि फ्रान्सचा राजा दुसरा जॉन याने नेतृत्व स्वीकारून क्रूस धारण केला. नंतर पीटर इंग्लंडला गेला. तिसऱ्या एडवर्डने त्याचे थाटात स्वागत केले, परंतु स्वतः मोहिमेत सामील होण्याचे टाळले. एप्रिल १३६४ मध्ये राजा जॉन लंडन येथे निधन पावला व मोहिमेचा नियोजित सेनापतीच नाहीसा झाला. सप्टेंबर १३६४ मध्ये पोलंडच्या क्राकोव येथे राजा काझिमिर, सम्राट चौथा चार्ल्स, हंगेरीचा लुई आदी सत्ताधीशांच्या मेळाव्यात पीटर उपस्थित होता. तेथेही मेजवान्या झाल्या, स्पर्धा झाल्या, आश्वासने मिळाली. सैन्य मात्र मिळाले नाही.

या दौऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. युरोपचे मोठे राजे आपापल्या प्रश्नांत गुंतले होते आणि धर्मयुद्ध हा त्यांच्यासाठी आदराने बोलण्याचा विषय उरला होता. पीटरला जहाजांसाठी शेवटी व्हेनिसकडेच वळावे लागले. ज्या नगरराज्याचा अलेक्झांड्रियाशी किफायतशीर व्यापार चालू होता, त्याच नगरराज्याच्या साहाय्याने तो निघणार होता. मोहिमेचे लक्ष्य अखेरपर्यंत गुप्त का ठेवले गेले, याचे उत्तर या विसंगतीत आहे.

अलेक्झांड्रिया, ऑक्टोबर १३६५ :

२७ जून १३६५ रोजी पीटर व्हेनिसहून निघाला. ऱ्होड्स बेटावर सायप्रसचे आरमार व हॉस्पिटलर संघाच्या गलबती त्याला येऊन मिळाल्या. एकूण जहाजांची संख्या सुमारे १६५ सांगितली जाते. पोपचा प्रतिनिधी पीटर थॉमस आणि राजाचा चान्सलर फिलीप द मेझिएर हे धर्मयुद्धाचे दोन निष्ठावंत पुरस्कर्ते त्याच्यासोबत होते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर रोजी हा ताफा अलेक्झांड्रियासमोर दिसू लागला. वेळ पीटरला अनुकूल होती. सुलतान अल-अश्रफ शाबान हा अल्पवयीन होता व सत्ता यलबुगा या अमीराच्या हाती होती. अलेक्झांड्रियाचा सुभेदार हज यात्रेस गेलेला होता. व्यापारी जहाजे आली असावीत, असा सुरुवातीस किनाऱ्यावरील लोकांचा समज झाला. दुसऱ्या दिवशी सैन्य किनाऱ्यावर उतरले. जकातघराजवळच्या तटाचा भाग दुर्लक्षित असल्याचे हल्लेखोरांच्या ध्यानात आले व तेथील दरवाजाला आग लावून ते आत शिरले. शहर दिवस मावळण्यापूर्वीच पडले.

त्यानंतर जे घडले ते भयंकर होते. वखारी, दुकाने, घरे, मशिदी लुटल्या गेल्या. मुसलमानांबरोबरच स्थानिक ख्रिस्ती व ज्यू रहिवाशांनाही झळ पोचली; युरोपीय व्यापाऱ्यांच्या वखारीही वाचल्या नाहीत. हजारो स्त्री-पुरुष व मुले गुलाम म्हणून जहाजांवर चढवली गेली. शहर ताब्यात ठेवावे असा पीटर, पोपचा प्रतिनिधी व मेझिएर यांचा आग्रह होता. परंतु कैरोहून सैन्य येत असल्याची वार्ता आणि जहाजांत भरलेली लूट या दोहोंमुळे बहुतेकांनी परतीचा पक्ष घेतला. आठवडाभरात सारे आरमार सायप्रसकडे निघाले.

विजयाची किंमत :

शहर जिंकूनही ते राखता आले नाही, म्हणजे मोहिमेचा आर्थिक हेतू विफल झाला. अलेक्झांड्रियाचा व्यापार फामागुस्ताकडे वळण्याऐवजी दोन्हीकडे खोळंबला. मामलुक शासनाने इजिप्त व सीरियातील युरोपीय व्यापाऱ्यांना अटक करून त्यांचा माल जप्त केला. स्थानिक ख्रिस्ती प्रजेवर, तिचा या हल्ल्याशी काडीचाही संबंध नसताना, जबर खंडणी बसवली गेली. व्हेनिसने तातडीने कैरोला वकील पाठवून तहाची बोलणी सुरू केली आणि तह झाल्यातच जमा आहे अशी वार्ता पश्चिमेत पसरू दिली. परिणामी मदतीस निघू पाहणारे अनेक जण थांबले. सव्हॉयचा काऊंट सहावा आमाडेयस हा आपले सैन्य घेऊन सायप्रसऐवजी गॅलिपोलीकडे गेला.

पीटर एकटा पडला. १३६७ मध्ये त्याने त्रिपोली, तोर्तोसा, लताकिया व आयास या किनारी शहरांवर हल्ले केले. त्यांतून लुटीपलीकडे काही साधले नाही. सतत चाललेल्या युद्धामुळे तिजोरी रिकामी झाली. पैसा उभा करण्यासाठी पीटरने निकोसियातील करदात्या ग्रीक नागरिकांना रोख रक्कम घेऊन कायमची करमुक्ती विकली. एकदाच मिळणाऱ्या रकमेसाठी दरवर्षीचे उत्पन्न सोडून देण्याचा हा व्यवहार होता. शेतकऱ्याने पेरणीचे बियाणे विकून सण साजरा करावा, तसा हा प्रकार म्हणता येईल.

राजा आणि उच्च दरबार :

दुसऱ्यांदा पश्चिमेचा दौरा करून १३६८ च्या शरदात पीटर परतला, तेव्हा बेटावरील वातावरण बिघडलेले होते. राणी एलेनॉर हिचे एका सरदाराशी संबंध असल्याचा प्रवाद उठला होता आणि राजाच्या विश्वासू जॉन व्हिस्काउंट याने ती वार्ता राजाला पत्राने कळविली होती. प्रकरण उच्च दरबारापुढे आले. सरदारांनी राणीस निर्दोष ठरविले व पत्र लिहिणाऱ्यासच दोषी ठरविले. त्याचा तुरुंगात अंत झाला. सत्य काहीही असो, दरबाराने आपल्या अब्रूची बाजू घेतली नाही, हा सल राजाच्या मनात राहिला असावा.

यापुढील महिन्यांत पीटरची वागणूक कठोर झाली. ग्रीक इतिवृत्तकार लेओंतिओस माखैरास याने सांगितलेला एक प्रसंग बोलका आहे. राजपुत्राला जिब्ले घराण्याची शिकारी कुत्री हवी होती. ती देण्यास नकार मिळताच राजाने त्या घराण्यातील पिता-पुत्रांना बंदीत टाकले आणि मुलीचा छळ केला. कारण क्षुल्लक होते. परंतु सरदारांच्या दृष्टीने प्रश्न कुत्र्यांचा नव्हता. दरबाराच्या निर्णयाविना सरदारास बेड्या घालण्यात आल्या होत्या व उमराव घराण्यातील स्त्रीची अप्रतिष्ठा झाली होती. असिझचे हे उघड उल्लंघन होते. बेटाबाहेरची दीर्घ सेवा, वाढता खर्च, राजाने बाहेरून आणलेल्या सरदारांना दिलेले झुकते माप, या जुन्या तक्रारींना आता कायद्याचे अधिष्ठान मिळाले.

बुधवार, १७ जानेवारी १३६९ च्या पहाटे अर्सूफचा फिलीप, आंरी द जिब्ले आणि जॉन द गोरेल हे तिघे सरदार राजवाड्यात शिरले व त्यांनी पीटरला ठार केले. राजाचे दोन्ही भाऊ, जॉन व जेम्स, तेव्हा राजवाड्यात हजर होते. हत्येत त्यांचा वाटा नेमका किती, यावर मतभेद आहेत. मात्र राजास केवळ कैद करून अटी मान्य करवून घेण्याचा मूळ बेत होता, असे मानण्यास जागा आहे.

हत्येइतकेच लक्षणीय आहे ते तिच्यानंतर लगेच उचललेले पाऊल. उच्च दरबाराने तेराव्या शतकातील कायदेपंडित जॉन ऑफ इबेलिन याच्या ग्रंथाची अधिकृत प्रत ठरविण्यासाठी सोळा जणांची समिती नेमली. ही प्रत निकोसियाच्या कॅथेड्रलमध्ये मोहोरबंद पेटीत ठेवावी, असे ठरले. राजाचे रक्त सांडणाऱ्या वर्गाने पहिले काम केले ते कायद्याचे पुस्तक निश्चित करण्याचे. आपण बंड केले नसून करार मोडणाऱ्याला बाजूला केले आहे, अशीच त्यांची भूमिका होती. अर्थात तोच कायदा राजवधाचीही मुभा देत नव्हता, याचा त्यांना सोयीस्कर विसर पडला होता.

साधनांचा विचार :

पीटरची प्रतिमा कोणत्या साधनांतून घडली, हे पाहणे उद्बोधक ठरते. फ्रेंच कवी व संगीतकार गीयोम द माशो याने अलेक्झांड्रियाच्या विजयावर दीर्घ काव्य रचले. इंग्लंडमध्ये जेफ्री चॉसरने आपल्या कथांमध्ये पीटरच्या वधाचा उल्लेख केला आणि त्याचा आदर्श सरदारही अलेक्झांड्रियाच्या लढाईतील सहभागी म्हणून रंगविला. या परंपरेतील पीटर शूर व दुर्दैवी आहे. माखैरासने पंधराव्या शतकात सायप्रसच्या ग्रीक बोलीत लिहिले. लुसिन्यान राजांच्या सेवेतील असूनही त्याला राजाचे गुण व दोष दोन्ही दिसतात, कारण युद्धाचे चटके बेटाने सोसले होते.

तिसरा आवाज अलेक्झांड्रियातील अल-नुवायरी याचा. हल्ल्याच्या काळात त्याच शहरात राहणाऱ्या या लेखकाने अरबी भाषेत या आपत्तीचा तपशीलवार वृत्तांत लिहिला. त्याच्या ग्रंथात पीटर हा वीर नाही. तो चोरासारखा येऊन चोरासारखा गेलेला लुटारू आहे. भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष म्हणजे हा ग्रंथ हैदराबाद येथील दायरतुल मआरिफ उस्मानिया या संस्थेने एत्येन कोंब व अझीझ सुर्याल अतिया यांच्या संपादनाखाली १९६८ पासून खंडशः प्रसिद्ध केला. भूमध्य समुद्रावरील एका पराभूत शहराची साक्ष दख्खनमध्ये छापली जावी, ही घटना इतिहासलेखनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जेत्याच्या दरबारी काव्याबरोबर लुटल्या गेलेल्या नगराची नोंद वाचल्याखेरीज 'विजय' या शब्दाचे वजन कळत नाही.

समारोप :

पीटरनंतर त्याचा अल्पवयीन पुत्र दुसरा पीटर गादीवर आला. १३७० मध्ये मामलुकांशी तह झाला. ऑक्टोबर १३७२ मध्ये फामागुस्तातील राज्याभिषेकाच्या वेळी राजाच्या घोड्याचा लगाम कोणी धरावा यावरून व्हेनिस व जेनोआच्या व्यापाऱ्यांत दंगल उसळली. तिचे निमित्त करून जेनोआने स्वारी केली आणि १३७३ मध्ये फामागुस्ता ताब्यात घेतले. ज्या बंदराच्या रक्षणासाठी पहिल्या पीटरने सारा खटाटोप केला, ते बंदर त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांच्या आत राज्याबाहेर गेले व १४६४ पर्यंत परत आले नाही. १४२६ मध्ये मामलुक सैन्य सायप्रसवर उतरले. खिरोकितियाच्या लढाईत राजा यानुस कैद झाला आणि राज्य सुलतानाचे मांडलिक बनले. १४८९ मध्ये बेट व्हेनिसच्या अमलाखाली गेले.

या साऱ्या परिणामांचे खापर एकट्या पीटरवर फोडणे न्याय्य होणार नाही. व्यापारमार्ग बदलत होते आणि ते रोखणे एका लहान बेटाच्या राजाच्या आवाक्याबाहेरचे होते. संकट त्याने अचूक ओळखले, हे त्याचे श्रेय होय. त्यावरील उपाय मात्र असा निवडला, की ज्यासाठी लागणारी जहाजे प्रतिस्पर्ध्यांकडून आणि लागणारे मनुष्यबळ नाखूश सरदारांकडून घ्यावे लागले. पहिल्यांचे हित त्याने दुखावले, दुसऱ्यांचा कायदा मोडला. शौर्य अथवा वेड या शब्दांनी ही शोकांतिका उलगडत नाही. सत्तेचे आधार कोणते आहेत याचा विसर पडलेल्या राज्यकर्त्याला विजयही कसा महागात पडतो, याचे ती उदाहरण आहे. आणि त्या विजयाची सर्वात मोठी किंमत मोजली ती अलेक्झांड्रियाच्या त्या हजारो अनाम लोकांनी, ज्यांची नावे कोणत्याही दरबारी काव्यात आली नाहीत.